इंग्रजी कादंबरी लिहून झाली, आता लिटररी एजंटला क्वेरी कशी करायची आणि वाट कशी बघायची

मराठीत पुस्तक लिहिलं की आपण थेट प्रकाशकाकडे जातो. स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत नेऊन द्यायची किंवा मेल करायची, दोन-तीन महिन्यांनी फोन करून "वाचून झालं का हो" विचारायचं, कुणी ओळखीचं असेल तर त्याला जरा शब्द टाकायला सांगायचं. मधे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणारा एजंट नावाचा माणूस नसतोच. पण इंग्रजीत कादंबरी लिहिलीय आणि ती न्यूयॉर्क किंवा लंडनच्या मोठ्या प्रकाशकाकडून यावी असं वाटत असेल तर हा रस्ता तिथे चालत नाही, कारण तिथले मोठे प्रकाशक लेखकाने परस्पर पाठवलेलं हस्तलिखित सहसा बघतच नाहीत, ते एजंटमार्फतच यावं लागतं, आणि माझं पुस्तक घ्याल का असं एजंटला आधी पत्राने विचारावं लागतं, त्यालाच क्वेरी म्हणतात. भारतातले इंग्रजी प्रकाशक तेवढे कडक नाहीत, काही जण थेट पाठवलेलंही बघतात, शिवाय आपल्याकडेही जॅकरांडा, सियाही, रायटर्स साइड, अ सुटेबल एजन्सी अशा एजन्सी आहेतच. पण इथे मी अमेरिका आणि इंग्लंडबद्दलच लिहितोय, कारण पुण्या-नाशकात किंवा तिकडे न्यू जर्सीत बसून इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो, आणि चांगली लिहिलेली पुस्तकं निव्वळ पद्धत माहीत नाही म्हणून मागे पडतात हे मला खरंच लागतं.

आधी पैशाचं बोलून घेऊ. एजंट तुमच्याकडून काहीही घेत नाही. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाला मिळणाऱ्या पैशातून साधारण १५ टक्के कमिशन, परदेशी भाषांचे हक्क वगैरे विकले तर त्यावर सहसा २० टक्के. वाचायची फी, एडिटिंगचं पॅकेज, रजिस्ट्रेशन, मार्केटिंगचा अ‍ॅडव्हान्स, असलं काहीही कुणी मागितलं तर तिथेच थांबायचं. अमेरिकेतल्या एजंट लोकांची एएएलए नावाची संघटना आहे, तिच्या नियमांतच वाचायची फी घ्यायची नाही असं आहे. आणि तुम्ही न विचारता "तुमचं पुस्तक आम्हाला फार आवडलं" असा मेल कुठल्याशा एजन्सीच्या नावाने आला तर नव्याण्णव टक्के तो फसवणुकीचा समजायचा, हल्ली खऱ्या एजंटचं नाव आणि फोटो वापरून असे मेल सर्रास येतात. मेल अ‍ॅड्रेस अक्षर न् अक्षर वाचा. फिलिपो बर्नार्डिनी नावाच्या माणसाला २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एअरपोर्टवर अटक झाली, तो स्वतः लंडनमध्ये प्रकाशन व्यवसायात नोकरीला होता आणि एजंट, संपादक यांच्या नावाने मेल पाठवून त्याने हजारावर हस्तलिखितं मिळवली होती, पुढच्या वर्षी कोर्टात गुन्हा कबूलही केला. त्याची एक युक्ती म्हणजे पत्त्यात इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी लिहायचे, छोट्या स्क्रीनवर फरक कळतच नाही. भलेभले एजंट आणि लेखक फसले त्यात. शंका आली तर एजन्सीच्या वेबसाइटवर जाऊन तिथला पत्ता घ्या आणि त्यावर वेगळा मेल करून विचारा. रायटर बिवेअर नावाची साइट आहे, तिथे कुठल्याही एजन्सीचं नाव शोधून बघता येतं, फुकट आहे, दहा मिनिटं लागतात, बघाच.

आता तयारी. कादंबरी असेल तर ती पूर्ण लिहून झालेली पाहिजे, नुसती लिहून नाही तर दोन-चार लोकांनी वाचून, दुरुस्त करून झालेली. अर्धी झालीय आणि रस दाखवला तर पूर्ण करतो, हे चालत नाही. नॉनफिक्शनला मात्र प्रपोजल (म्हणजे पुस्तकाचा आराखडा) आणि एक-दोन नमुना प्रकरणं लागतात, पूर्ण पुस्तक नंतर लिहिलं तरी चालतं (आत्मकथनाला बहुतेक एजंट कादंबरीचाच नियम लावतात). लांबीकडे लक्ष द्या. पहिली कादंबरी मोठ्यांसाठी असेल तर ८०,००० ते १,००,००० शब्द, फँटसी किंवा सायन्स फिक्शन असेल तर १,२०,००० पर्यंत खपतं. दोन लाख शब्दांची कादंबरी घेऊन गेलात तर आकडा बघूनच बाजूला पडते. फॉरमॅट साधा, टाइम्स न्यू रोमन १२, डबल स्पेस, चारी बाजूंना इंचभर मार्जिन. आणि हो, हे सगळं चालू असताना तीच कादंबरी किंडलवर किंवा कुठल्या अ‍ॅपवर टाकून ठेवू नका, कारण एजंट विकणार असतो ते पहिल्यांदा छापायचे हक्क, आणि ते तुम्हीच वापरून टाकले तर त्याच्याकडे विकायला उरलं काय.

एजंट शोधायचे कुठे तर क्वेरीट्रॅकर या साइटवर. तिथे एजंटची नावं, ते काय घेतात, सध्या क्वेरी घेतायत की बंद आहेत, आणि इतर लेखकांना किती दिवसांत उत्तरं आली याच्या नोंदी असतात, फुकट अकाउंटवर सुरुवातीला भागतं. मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या साइटवर एजंट स्वतः सांगतात की मला सध्या अशी अशी पुस्तकं हवीयत. इंग्लंडसाठी रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक दरवर्षी निघतं. पण शेवटचा शब्द एजन्सीच्या स्वतःच्या वेबसाइटचा. प्रत्येक एजन्सीचे नियम वेगळे असतात, कुणाला नुसतं पत्र, कुणाला पत्र आणि पहिली पाच पानं, कुणाला दहा, आणि जे मागितलंय तेवढंच द्यायचं, एक पानही जास्त नाही. अमेरिकन एजंट बहुतेक वेळा पानं मेलच्या आतच पेस्ट करायला सांगतात, अ‍ॅटॅचमेंट असलेला मेल न उघडता डिलीट होऊ शकतो. इंग्लंडमध्ये उलट, तिथे पत्र, सिनॉप्सिस (गोष्टीचा सारांश) आणि पहिली तीन प्रकरणं किंवा १०,००० शब्द अशी फाइल जोडायची पद्धत आहे. एका एजन्सीत एका वेळी एकाच एजंटला पाठवायचं. काही ठिकाणी एकाने नाही म्हटलं की अख्ख्या एजन्सीचं नाही, काही ठिकाणी मग दुसऱ्याला पाठवता येतं, तेही वेबसाइटवर लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या एजन्सींना एकाच वेळी पाठवणं मात्र अगदी रीतसर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

क्वेरी लेटर म्हणजे एका पानाचं पत्र, साधारण तीनशे शब्द. सुरुवात नावाने करायची, "डिअर" आणि पूर्ण नाव. आपल्या शाळेतलं रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम इथे नको, आणि समोरचा बाई आहे की पुरुष हे नावावरून ठरवू नका. पुस्तकाचं नाव, प्रकार, शब्दसंख्या, मग गोष्ट, मग तुलनेला दोन पुस्तकं (गेल्या तीन-पाच वर्षांतली, त्याच प्रकारची, जगभर लाखांनी खपलेली नकोत), मग स्वतःबद्दल दोन ओळी. गोष्टीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि आपले लोक तिथेच घसरतात, कारण आपल्याला पुस्तकाबद्दल बोलायची सवय मनोगतातून लागलेली असते. समजा कुणी असं लिहिलं, "ही कादंबरी पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण समाजातल्या सत्तासंघर्षाचं, मानवी लोभाचं आणि एका स्त्रीच्या जिद्दीचं चित्रण करते." यात खोटं काही नसेल, पण वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही. आता तीच कादंबरी अशी सांगा: "सुनंदा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क आहे. एका रात्री तिच्या वडिलांची उसाची ट्रॉली काट्यावर येते आणि स्क्रीनवर वजन दोन टनांनी कमी दिसतं. ती जुन्या पावत्या काढून बघते तर काटामारी पूर्ण हंगामभर चाललीय, आणि प्रत्येक पावतीवर सही तिचीच आहे. कारखान्याची निवडणूक तीन आठवड्यांवर आलीय, भाऊ चेअरमनच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. तोंड उघडलं तर भावाची नोकरी जाते आणि पहिला गुन्हा तिच्यावरच दाखल होतो, गप्प बसली तर वडिलांचं कर्ज फिटत नाही." बघा, ही बाई कोण, तिला काय हवंय, आडवं काय येतंय आणि चुकलं तर काय जाणार, चारही गोष्टी आल्या, आणि शेवट सांगितलेला नाही. शेवट सिनॉप्सिसमध्ये सांगायचा. सिनॉप्सिस म्हणजे एक-दोन पानांत सगळी गोष्ट, तिथे उत्सुकता ताणायची नसते, खून कुणी केला ते सरळ लिहायचं.

आणि हो, काटामारी काय असते ते न्यूयॉर्कच्या माणसाला कळणार का, ही भीती सोडा. वरच्या चार-पाच वाक्यांत त्याला हवं तेवढं कळतं. वाक्यागणिक खुलासे देत बसलात तर पत्राचा दमच जातो. स्वतःबद्दल लिहिताना संमेलनातली सर्टिफिकेटं, सोसायटीच्या अंकातल्या कविता हे वगळा, पण दिवाळी अंकात कथा आल्या असतील तर जरूर लिहा, फक्त नुसतं नाव टाकलं तर तिकडच्यांना अर्थबोध होणार नाही म्हणून अर्ध्या ओळीत सांगा की मराठीत १९०९ पासून, मनोरंजनच्या अंकापासून, दरवर्षी दिवाळीला साहित्याचे खास अंक निघतात आणि नामवंत लेखक त्यात लिहितात. कारखान्याच्या कादंबरीची लेखिका स्वतः उसाच्या पट्ट्यातली असेल तर ते लिहा, ते कुठल्याही डिग्रीपेक्षा वजनदार आहे. काहीच छापलं नसेल तर राहतो कुठे, काम काय करतो एवढं पुरतं. काही फॉर्ममध्ये आता एआय वापरलंय का असाही प्रश्न असतो, त्याचं उत्तर खरं द्या.

पाठवायचं कसं, तर एकदम पन्नास जणांना नाही. यादीतून सात-आठ निवडा, त्यात तुमचे अगदी आवडते दोन-तीनच ठेवा, आणि पाठवा. कारण एकदा एखाद्या एजंटने नाही म्हटलं की तेच पुस्तक त्याला सहसा परत दाखवता येत नाही, आणि पत्रात खोट असेल तर ती पन्नास दारं बंद झाल्यावर कळून उपयोग नाही. एक एक्सेल शीट करा, त्यात एजंट, एजन्सी, तारीख, कुठलं पत्र आणि कुठली पानं पाठवली, त्यांच्या वेबसाइटवर उत्तराची मुदत किती दिलीय, आणि काय उत्तर आलं. ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत तिकडे सगळं मंद असतं, मार्च-एप्रिलच्या सुमारास लंडनचा आणि ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा असतो तेव्हा एजंट तिकडे अडकलेले असतात. त्या काळात पाठवलं तर बिघडत काही नाही, उत्तराची अपेक्षा पुढे ढकला एवढंच.

आणि मग वाट बघणं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माणसं इथे खचतात. सहा ते आठ आठवडे हे साधारण, बारा आठवडेही नेहमीचं, आणि बऱ्याच एजंटच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नाही समजा. म्हणजे बऱ्याच क्वेरींना कधीच काही उत्तर येणार नाही. आपल्याला हे फार लागतं, कारण नाही म्हणायचं तर निदान तसं कळवा तरी, ही आपली अपेक्षा असते. पण एजंट क्वेरी वाचतो ते बहुतेक वेळा रात्री, सुट्टीच्या दिवशी, पगार नसलेल्या वेळात. दिवसाचं काम असतं ते ज्या लेखकांना आधीच घेतलंय त्यांचं, आणि तुम्ही उद्या त्याचे लेखक झालात की तुम्हालाही तेच हवं असणार. म्हणून शांततेचा अर्थ लावत बसू नका. क्वेरीट्रॅकरवर "माझ्यानंतर पाठवलेल्याला उत्तर आलं, मला नाही, म्हणजे मला मेबीच्या ढिगाऱ्यात ठेवलं असेल" असली गणितं तासन्‌तास चालतात, त्यातून हाती काही लागत नाही. त्यांनी दिलेली मुदत संपली की शीटमध्ये नाही लिहा आणि पुढच्याला पाठवा.

आपल्याकडे वेळेचाही एक त्रास आहे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, आणि त्यांचं ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच-साडेतीन. म्हणजे मेल येणार ते आपण जेवायला बसतो तिथपासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. फोन उशाशी असेल तर झोपेचं खोबरं होतं. क्वेरीसाठी वेगळा मेल आयडी करा, फोनवर त्याचं नोटिफिकेशन बंद ठेवा, आणि सकाळी चहाच्या वेळी एकदा उघडा. रात्री दोन वाजता आलेल्या होकाराला सकाळी आठला उत्तर दिलं तर काहीही बिघडत नाही. फक्त स्पॅम फोल्डर आठवड्यातून एकदा बघत जा.

उत्तरं कशी कशी येतात ते माहीत असू द्या. सगळ्यात जास्त येतं ते छापील नकारपत्र, "माझ्या लिस्टसाठी योग्य नाही", "मला हवी तशी गुंतून गेले नाही", "हा व्यवसाय व्यक्तिसापेक्ष आहे, दुसऱ्या एजंटला आवडू शकेल". हे सगळ्यांना तेच जातं, त्यातून स्वतःच्या लेखनाबद्दल काही शोधू नका. तुमच्या पुस्तकातलं काहीतरी नेमकं सांगून नकार आला तर तो जपून ठेवा, कुणीतरी वेळ काढून लिहिलंय. मग येतो पार्शलचा मेल, म्हणजे पहिली पन्नास पानं वगैरे पाठवा, आणि फुलचा, म्हणजे सगळं हस्तलिखित पाठवा. हा मेल आला की आनंद जरूर करा, कारण पत्राने त्याचं काम केलं. फाइल एक-दोन दिवसांत पाठवा, नाव-पुस्तक-फोन पहिल्या पानावर, आणि मग पुन्हा शांतता, तीन महिने, सहा महिनेसुद्धा. आर अँड आर असाही एक प्रकार असतो, म्हणजे अमुक बदल करा आणि परत दाखवा. बदल पटले तरच करा, आणि पंधरा दिवसांत घाईने करून पाठवू नका, दोन-तीन महिने घेतले तर त्यांना बरंच वाटतं.

उत्तरं एकेकटी बघण्यापेक्षा शीट एकत्र बघा. दोन खेपा झाल्या, पंधराएक जणांकडून एकही पानं मागवणारा मेल नाही, तर पुस्तकाला हात लावू नका, पत्र आणि पहिली पाच पानं परत लिहा, कारण त्यांनी तेवढंच वाचलंय. पत्राला प्रतिसाद येतोय, फुल मागवतायत, पण नंतर नाही म्हणतायत, तर प्रश्न पुस्तकात आहे, आणि त्यात दोघा-तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल, समजा मधली शंभर पानं रेंगाळतात, तर क्वेरी थांबवून ते दुरुस्त करा आणि उरलेल्या यादीला नवीन पुस्तक जाऊ दे. मला वाटतं सगळ्या प्रकारात हेच सगळ्यात मोलाचं आहे, कारण बहुतेक लोक नेमकं उलट करतात, पत्र वाईट असताना कादंबरी मोडून परत लिहायला घेतात. या काळात पुढचं काहीतरी लिहायला घ्या, पण याच पुस्तकाचा दुसरा भाग नको, पहिला विकला गेला नाही तर दुसरा कुणाला दाखवणार.

आठवण करायची असेल तर क्वेरीसाठी मुदत उलटून गेल्यावर आणि तीही त्यांनी चालेल म्हटलं असेल तरच. फुलसाठी तीन महिन्यांनी एक छोटा मेल, आधीच्या मेललाच रिप्लाय करून: "नमस्कार, तुम्ही १० मार्चला माझ्या कादंबरीचं पूर्ण हस्तलिखित मागवलं होतं, ते अजून विचारात आहे का एवढंच विचारायचं होतं. तुमच्या वेळेबद्दल आभार." बस. फोन नाही, लिंक्डइनवर मेसेज नाही, इन्स्टावर फोटोखाली कमेंट नाही, आणि ओळखीच्या माणसाकडून निरोप तर अजिबात नाही. आपल्याकडे हे आपलेपणाचं असतं, तिकडे ते घुसखोरीसारखं वाटतं. नकाराला उत्तर द्यायची गरज नसते. भांडण तर कधीच नाही.

आणि समजा एजंट म्हणाला की आपण फोनवर बोलू. तर कॉलच्या आधी प्रश्न लिहून ठेवा: पुस्तकात काय बदल सुचवताय, कुठल्या प्रकाशकांकडे न्यायचा विचार आहे, या प्रकारची पुस्तकं अलीकडे विकलीत का, तुम्ही एजन्सी सोडली तर माझं काय, करार एका पुस्तकाचा की सगळ्या लेखनाचा, आणि मोडायचा झाला तर नोटीस किती दिवसांची. तुमच्या एक-दोन लेखकांशी बोलता येईल का हेही विचारा, चांगला एजंट आनंदाने नंबर देतो. पैसे अमेरिकेतून येणार असतील आणि तुम्ही भारतात राहत असाल तर डब्ल्यू-८बेन हा तिकडच्या कराचा फॉर्म भरावा लागेल, तो नसेल तर तिकडे ३० टक्के कर कापतात, भारत-अमेरिका कराराप्रमाणे रॉयल्टीवर १५ टक्के कापला जातो, पॅन नंबर लागतो, हे एकदा आपल्या सीएशी बोलून घ्या.

फोनवर लगेच हो म्हणू नका, कितीही मोह झाला तरी. दोन आठवडे मागायचे, तो तिथला रिवाज आहे आणि कुणाला राग येत नाही. त्याच दिवशी ज्यांच्याकडे फुल आहे त्या सगळ्यांना, आणि ज्यांच्याकडे क्वेरी पडून आहे त्यातल्या तुम्हाला खरंच हव्या असलेल्यांना मेल करा, सब्जेक्टमध्ये ऑफर ऑफ रिप्रेझेंटेशन हे शब्द, आत पुस्तकाचं नाव आणि कुठल्या तारखेपर्यंत कळवायचंय ते. महिनोन्‌महिने गप्प असलेले लोक दोन दिवसांत उत्तर देतात असं होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, आता वाचायला तारीख मिळालीय. निवड झाली की उरलेल्यांना दोन ओळींत आभार मानून कळवा, आणि ज्यांच्याकडे क्वेरी अजून पडून आहे तिथून ती मागे घ्या, क्वेरीमॅनेजर (काही एजंट क्वेरी घ्यायला वापरतात तो ऑनलाइन फॉर्म) इथून पाठवली असेल तर तुम्हाला आलेल्या स्टेटसच्या लिंकवरूनच ती विड्रॉ करता येते.